पाणी सोडणाऱ्यांची शाळा : साठ वर्षांची वाटचाल

स्मरणिका समितीने हा विषय माझ्याकडे सोपवला तेव्हा पहिली अडचण आली ती कागदांची. बांधलेल्या टाकीची नोंद मापनवहीत मिळते, घेतलेल्या विंधन विहिरीची नोंद रजिस्टरात मिळते. शिकवलेल्या माणसाची नोंद मात्र कोणी जपून ठेवलेली नाही. त्यामुळे या लेखातला बराचसा भाग जुन्या सहकाऱ्यांच्या बोलण्यातून आणि माझ्या तीस वर्षांच्या नोकरीतून आला आहे. ज्यांनी हे काम उभे केले त्यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. यादी करायला बसलो तर आरोग्य सेवकांपासून जीपच्या चालकांपर्यंत शेकडो नावे होतील, आणि त्यातले एक जरी राहून गेले तरी ते मनाला लागेल. हे काम सगळ्यांचे मिळून आहे.

गावाला पाणी सोडणाऱ्या माणसाला कुठे शिपाई म्हणतात, कुठे वॉलमन, कुठे पाणीपुरवठा कर्मचारी. त्याला शिकवायचे तर दोन गोष्टी आधी ध्यानात घ्याव्या लागतात. तो चार दिवस गाव सोडून जाऊ शकत नाही, कारण तो गेला की गावाचे पाणी थांबते. आणि प्रशिक्षणासाठी खर्च करायला त्याच्या खिशात पैसा नसतो, लहान ग्रामपंचायतीच्या तिजोरीतही नसतो. या दोन अडचणींतून वाट काढत आपल्या जिल्हा परिषदेचे प्रशिक्षणाचे काम घडत गेले.

१९६२ ते १९७१ : विहिरीचे माप

महाराष्ट्र जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अधिनियम १९६१ चा. त्यानुसार १ मे १९६२ रोजी राज्यातल्या जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. खेड्यातले पिण्याचे पाणी त्या वेळी म्हणजे विहीर, आड, बारव, नाहीतर नदीच्या वाळूत उकरलेला झिरा. विहीर बांधायची ती बांधकाम खात्याने आणि तिच्यात औषध टाकायचे ते आरोग्य खात्याने, अशी सरळ वाटणी होती. पटकीची साथ आली किंवा यात्रा भरायची झाली की आरोग्याची माणसे ब्लीचिंग पावडरचा डबा घेऊन निघत.

पावडर किती टाकायची हा पहिला धडा. विहिरीत पाणी किती आहे हे कळल्याशिवाय पावडरीचे प्रमाण ठरत नाही, आणि मेट्रिक मापे तर तेव्हा नुकतीच आलेली. म्हणून दोराला दगड बांधून, ठरावीक अंतरावर गाठी मारून खोली मोजायला शिकवले जाई. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळे मीटरमध्ये, आणि त्याला ७८५ ने गुणायचे. जे उत्तर येईल तेवढे लिटर पाणी. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर २८,२६० लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम या आजच्या हिशेबाने तिला साधारण १४० ग्रॅम पावडर लागते. गणित चौथीतल्या मुलाला जमेल असे आहे, पण त्याआधी पावडर मुठीने पडत असे. मूठ मोठी असेल तर पाण्याला वास येई आणि लोक ती विहीर सोडून ओढ्याचे पाणी भरत. मूठ लहान असेल तर जंतू मरत नसत.

आरोग्य खात्याच्या त्या पिढीने गाठींचा दोर आणि ७८५ चा आकडा गावोगाव पोचवला. आपल्या प्रशिक्षणाची सुरुवात मी तिथून धरतो.

१९७२ ते १९८१ : दुष्काळ आणि हातपंप

१९७२ च्या दुष्काळाने विहिरींचे तळ दाखवले. त्याच सुमारास भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा कामाला लागली होती. काळ्या पाषाणात खोल छिद्र घेणारी यंत्रे गावात आली, आणि त्यांच्यामागोमाग हातपंप आला. पहिले पंप ओतीव लोखंडाचे, घरगुती बांधणीचे होते. एका कुटुंबाने दिवसातून चार हंडे भरावेत यासाठी केलेला पंप शंभर घरांनी पहाटेपासून रात्रीपर्यंत हापसला तर तो किती टिकणार? सत्तरच्या दशकाच्या मध्यावर युनिसेफने पाहणी केली तेव्हा दर चार पंपांमागे तीन बंद आढळले.

यावरचा उपाय आपल्याच मुलखातून निघाला, हे अभिमानाने लिहायला हवे. जालन्याच्या मिशनच्या कार्यशाळेत लोखंडी पत्र्याचा दणकट पंप तयार झाला होता. सोलापूरच्या कारागिरांनी त्यात सुधारणा केली आणि दांड्याचा भार साखळीवर घेतला. या सोलापुरी पंपावरूनच पुढे युनिसेफच्या मदतीने इंडिया मार्क टू पंप घडला, आणि दशक संपता संपता त्याचे कारखान्यात उत्पादन सुरू झाले. मार्क टू आज जगातल्या कित्येक देशांत आहे.

पंप कितीही दणकट असला तरी वॉशर झिजतो, साखळी कोरडी पडते, बोल्ट सैल होतो. दुरुस्तीची माणसे तयार करणे हे जिल्हा परिषदेचे मोठे काम ठरले. तालुक्याला पथक, पथकाला गाडी, गाडीत पाइप उचलण्याची साधने आणि चार-पाच माणसे. मार्क टूच्या सिलिंडरपर्यंत पोचायचे तर तीन-तीन मीटरचे लोखंडी पाइप एकेक करून वर काढावे लागतात. पन्नास मीटर खोल पंप म्हणजे सोळा-सतरा पाइप. एक निसटला तर सगळी माळ बोअरमध्ये जाते. हे काम वर्गात फळ्यावर शिकवून येत नाही. नवा माणूस जुन्याच्या हाताखाली महिनाभर फिरला की तो तयार, अशीच तेव्हाची रीत होती. त्या काळी कोणी त्याला प्रशिक्षण म्हटले नाही, पण या जिल्ह्यात झालेले सर्वांत पक्के प्रशिक्षण तेच, असे माझे मत आहे.

तामिळनाडूतल्या त्रिस्तरीय पद्धतीची माहिती आपल्याकडेही आली. गावात एक जण पंपाची राखण करणारा, तालुक्याला फिटर, वर जिल्ह्याचे फिरते पथक. गावातल्या माणसाला दोन पाने, वंगणाचा डबा आणि एवढेच शिकवायचे: बोल्ट आवळ, साखळीला वंगण घाल, ओट्याभोवती पाणी साचू देऊ नको, आणि पंपाला चार-सहा जोर मारूनही पाणी येईना तर पोस्टकार्ड टाक. पंचायत समितीचा पत्ता घालून ठेवलेली ही कार्डे मी नोकरीला लागल्यावरही कपाटात पाहिली आहेत. "पंप जड चालतो, आवाज करतो" एवढ्या एका ओळीवरून आमचे यांत्रिकी बिघाड ओळखत आणि नेमके सुटे भाग घेऊन निघत.

१९८२ ते १९९१ : बाजाराच्या दिवशीचा वर्ग

मी १९८४ साली कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झालो. संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेले आंतरराष्ट्रीय पेयजल दशक सुरू होते आणि नळयोजना झपाट्याने वाढत होत्या. विहीर, पंपघर, उंच टाकी, गावात नळकोंडाळी. योजना बांधून झाली की ती ग्रामपंचायतीकडे जाई आणि ग्रामपंचायत गावातल्या एखाद्या गरजू माणसाला किल्ली देई. काल शेतात राबणारा माणूस आज साडेसात अश्वशक्तीच्या मोटरीपुढे उभा राही. त्याला स्टार्टरचे हिरवे आणि लाल बटण एवढेच माहीत.

त्याच्यासाठी पहिला वर्ग जिल्ह्याच्या ठिकाणी भरवला. दोन दिवसांचा, जेवणासह, चांगली तयारी केलेला. निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. आलेल्यांपैकी एक जण दुपारी पिशवी उचलून निघाला. मी विचारले, तर म्हणाला, "टाकी आतापातूर भरली आसंल सायब. वाहून चालली तर सरपंच मलाच बोलंल." तो गेला आणि त्याचे बरोबरच होते. चूक आमची होती. गावाचे पाणी बंद ठेवून गावाच्या पाण्याचे शिक्षण देत होतो.

त्यानंतरच्या बैठकीत एका वयस्क फिटरने सुचवले की वर्ग तालुक्याच्या आठवडे बाजाराच्या दिवशी घ्या. बाजाराला तो माणूस नाहीतरी येतोच. पहाटे पाणी सोडून येईल आणि संध्याकाळच्या एसटीने परत जाईल. वेगळे भाडे नाही, मुक्काम नाही, जेवण घरच्या भाकरीचे. सभागृह पंचायत समितीचे, शिकवणारे आपल्याच खात्याचे. खर्च म्हणजे चहा आणि तक्त्यांचे कागद. पुढच्या वर्गाला माणसे व्हरांड्यात उभी होती. आज आपल्या जिल्ह्याची जी पद्धत म्हणून सांगितली जाते ती या एका सूचनेतून आली. ती सुचवणाऱ्या फिटरच्या शिक्षणाची कोणी कधी चौकशी केली नाही, आणि करायचे कारणही नव्हते.

वर्गात काय शिकवत असू ते थोडे सविस्तर सांगतो. प्लास्टिकची बादली, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर आणि काठी. पावडर आधी थोड्या पाण्यात कालवून लापशी करायची, मग बादली पाऊण भरायची, ढवळायची आणि दहा मिनिटे तशीच ठेवायची. चुन्याचा साका तळाशी बसतो. वरची निवळ दुसऱ्या बादलीत ओतून घ्यायची आणि तेवढीच टाकीत सोडायची. साका टाकीत गेला तर तळाशी थर धरतो आणि नळाला पांढरे पाणी येते. निवळ सोडली की निदान अर्धा तास थांबायचे. त्याआधी व्हॉल्व्ह उघडला तर औषध टाकून न टाकल्यासारखे.

मग ओटी चाचणी. परीक्षानळीत नळाचे पाणी, त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब. पाणी पिवळे झाले तर क्लोरिन आहे. हे टाकीखालच्या नळावर करून उपयोग नाही, गावातल्या शेवटच्या घरी करायला हवे. तिथे लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरला पाहिजे. पहिल्यांदा स्वतःच्या हातातली नळी पिवळी होताना पाहणाऱ्या माणसाचा चेहरा मी अनेकदा पाहिला आहे. तोवर औषध टाकणे हा त्याला वरून आलेला हुकूम असतो. त्या क्षणापासून ते त्याचे स्वतःचे काम होते.

याच दशकात नारूविरुद्धची मोहीम झाली. पायऱ्यांच्या विहिरीत माणूस उतरतो, त्याच्या पायावरच्या फोडातून नारूची पिल्ले पाण्यात जातात, सूक्ष्म जलकीटक ती गिळतात, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगात वर्षभराने पुन्हा नारू निघतो. उपाय साधे होते. पायऱ्या बंद करून रहाट बसवणे, पाणी दुपदरी कापडातून गाळणे, विहिरीत औषध टाकणे. आमच्या वर्गात आरोग्याची माणसे येऊन हे समजावत. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. आजच्या तरुण कर्मचाऱ्यांना नारू म्हणजे काय हे सांगावे लागते. त्या काळच्या कामाला याहून मोठी पावती नाही.

१९९२ ते २००१ : हस्तांतरणाची वर्षे

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि पिण्याचे पाणी हा पंचायतींचा विषय झाला. १९९७ मध्ये पाणीपुरवठा व जलनिःसारण मंडळाचे महाराष्ट्र जीवन प्राधिकरण झाले. कोणती योजना कोणी चालवायची, कोणत्या अवस्थेत ताब्यात घ्यायची, यावर प्राधिकरण आणि जिल्हा परिषद यांच्यात बराच पत्रव्यवहार झाला. त्याची उजळणी इथे नको. दोन्ही बाजूंच्या माणसांना गावाला पाणी मिळावे हेच हवे होते, आणि योजना चालत्या राहिल्या.

प्रशिक्षणासाठी हे दशक ओढाताणीचे गेले. तरी बाजाराच्या दिवशीचा वर्ग पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर भरत राहिला, याचे श्रेय तालुक्याच्या उपअभियंत्यांना आणि आरोग्य पर्यवेक्षकांना आहे. दशकाच्या शेवटी सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने गावे पुन्हा जागी झाली, आणि पाण्याचा वर्ग आम्हाला पुन्हा चावडीवर घेता आला.

२००२ ते २०११ : समितीचे दिवस

आता धोरण मागणीवर चालू लागले. गावाने ठराव करायचा, दहा टक्के लोकवर्गणी भरायची, ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती नेमायची, मग योजना. २००३ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने जलस्वराज्य प्रकल्प आला. त्यात बांधकामाबरोबरच माणसांच्या तयारीवरही पैसा खर्च व्हावा अशी अपेक्षा होती. समितीतल्या बायका पहिल्यांदा हिशेबाची वही उघडून बसल्या. वीजबिल किती, पाणीपट्टी किती जमली, फरक कोण भरणार, हे प्रश्न त्यांनी विचारले. पाणी सोडणारा मग फक्त सरपंचाला नाही, समितीला उत्तर देऊ लागला.

ही भारनियमनाचीही वर्षे. वीज रात्री दोनला आली तर मोटर दोनला चालू करायची. दमलेल्या माणसाने त्यावर उपाय काढला, ऑटो स्विच. वीज आली की मोटर आपोआप सुरू. पण तीन फेजपैकी एक नसली, किंवा विहिरीतले पाणी खाली गेले, तर ऑटोवरची मोटर जळते. या काळात जळालेल्या मोटरींनी ग्रामपंचायतींचे कंबरडे मोडले. म्हणून वर्गात अँपिअर मीटर वाचायला शिकवणे सुरू झाले. रोजचा आकडा भिंतीवर खडूने लिहून ठेवायचा. आकडा एकदम उतरला तर पंप पाणी उचलत नाही, चढला तर कुठेतरी अडते आहे किंवा फेज गेला आहे. दोन्ही वेळा आधी बंद करायचे, मग कारण शोधायचे. मोटर पुन्हा भरून आणण्याच्या एका खर्चात तालुक्याचे कित्येक वर्ग होतात, हे आम्ही सभापतींपुढे मांडले आणि त्यांनी ते मनावर घेतले.

२०१२ ते २०२२ : जलसुरक्षक आणि कार्डे

आज प्रत्येक ग्रामपंचायतीत जलसुरक्षक आहे. पाण्याचे नमुने घेणे, टीसीएलचा साठा पाहणे, ओटी चाचणीची नोंद ठेवणे ही त्याची कामे. बहुतेक गावांत पाणी सोडणाराच जलसुरक्षक असतो. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाण्याच्या स्रोतांचे आणि योजनेचे स्वच्छता सर्वेक्षण होते आणि त्यावरून गावाला कार्ड मिळते. जोखीम जास्त असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळे, कमी असेल तर हिरवे. सलग पाच वर्षे हिरवे टिकवले तर चंदेरी.

लाल कार्ड गावाला झोंबते. सर्वेक्षण शिकवताना आम्ही माणसांना वर्गाबाहेर काढून जवळच्या वस्तीत नेतो. दाब यावा म्हणून अंगणात खड्डा खणून त्यात बसवलेला नळ दाखवतो. पाणी सुटते तेव्हा खड्डा भरतो, आजूबाजूची घाण त्यात उतरते. पाणी बंद झाले की वाहिनी रिकामी होते आणि खड्ड्यातले पाणी उलट आत ओढून घेते. दुसऱ्या दिवशी तेच शेजाऱ्याच्या हंड्यात. गटारातून गेलेल्या गळक्या नळाचेही तसेच. दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात टाकीत कितीही औषध टाकले तरी हा एक खड्डा सगळे वाया घालवतो. खड्ड्याजवळ उभे राहून हे सांगितले की पुन्हा सांगावे लागत नाही.

टीसीएलच्या साठ्याचा धडा मात्र दर वर्गात द्यावा लागतो. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरिन असतो. दमट जागी, उघड्या पोत्यात तो उडून जातो. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर म्हणजे नुसता चुना. ग्रामपंचायतीच्या लोखंडी कपाटात ती ठेवली तर कपाट गंजते आणि पावडरही जाते. कोरडी जागा, बंद प्लास्टिकची पिशवी, जमिनीपासून उंच आणि जेवढी लागेल तेवढीच खरेदी, एवढे पुरते.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली. घरोघरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी हे त्याचे उद्दिष्ट. त्यात प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीच्या संचाचे प्रशिक्षण द्यायचे होते. या महिलांनी आमच्या वर्गाला नवे बळ दिले. जिवाणू तपासणीची बाटली पाणी भरून चुलीपासून लांब, घराच्या कोपऱ्यात ठेवायची. पाणी काळे झाले तर ते पिण्याजोगे नाही. ती काळी बाटली हातात घेऊन ग्रामसभेत उभी राहिलेली बाई मी निवृत्तीनंतर एका गावात पाहिली. तिला कोणी थांबवू शकले नाही. त्या आठवड्यात गळती निघाली.

२०२० साली टाळेबंदीत वर्ग बंद पडले. मोबाइलवर व्हिडिओ पाठवले गेले, पण रेंज नसलेल्या वस्त्यांवर त्याचा उपयोग झाला नाही. पाणी सोडणारे मात्र त्या काळात एक दिवसही घरी बसले नाहीत. त्यांची दखल या स्मरणिकेत तरी घेतली जावी म्हणून हे लिहितो.

सध्याचे काम

आज जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग, आरोग्य विभाग आणि भूजल यंत्रणेची प्रयोगशाळा मिळून प्रत्येक तालुक्यात वर्षाला दोन वर्ग घेतात. दुरुस्तीचा धडा अजूनही पथकाच्या गाडीसोबत गावातच दिला जातो. कर्मचाऱ्याकडून शुल्क घेतले जात नाही. एक उणीव मात्र उरली आहे. शिकून तयार झालेला माणूस तुटपुंज्या पगारामुळे काम सोडतो आणि पुढच्या वर्गाला नवा चेहरा येतो. हे थांबवणे वर्गाच्या हातात नाही, ते ग्रामपंचायतींच्या हातात आहे.

म्हणून सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना विनंती आहे. पावसाळ्यापूर्वीचा वर्ग मे महिन्यात, नेहमीप्रमाणे बाजाराच्या दिवशी भरेल. त्या दिवसापुरता मोटरीवर दुसरा माणूस नेमा आणि आपल्या कर्मचाऱ्याला पूर्ण वेळ बसू द्या. तपासणी संच हाताळणाऱ्या महिलांपैकी एक जण सोबत पाठवा. आणि त्यांच्याबरोबर गावच्या साठ्यातली मूठभर टीसीएल कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या, तिच्यातला क्लोरिन तपासून देण्याची व्यवस्था केली आहे.